सातव्या नावावरची रेघ

डहाणूत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चौक लागतो. तिथला खलाशाचा पुतळा समुद्राकडे पाठ करून उभा आहे. बाहेरून येणारा माणूस आधी हीच चूक दाखवतो. खलाशी म्हटल्यावर त्याचं तोंड समुद्राकडे हवं, असं त्याला वाटतं. पण ही चूक नाही. ती सूचना दामूकाकांची होती, आणि त्या चौकावरून झालेल्या सगळ्या भांडणांत ऐकताक्षणी सगळ्यांनी मान्य केलेली ती एकच गोष्ट होती.

त्यांचं नाव दामोदर. गावात दामू पेंटर. घर धाकटी डहाणूत, खाडीच्या काठाला. धंदा बोटींवर नावं लिहिण्याचा. २०१४ ते २०१९ या काळात मी एका दैनिकासाठी डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके बघत होतो. आठवड्यातून एकदा तरी आमची गाठ पडे, कारण बंदरातली बातमी कचेरीत पोचण्याआधी दामूकाकांकडे पोचलेली असे. ओढून ठेवलेल्या एखाद्या बोटीच्या सावलीत ते बसलेले असत. शेजारी रॉकेलच्या पेल्यात ब्रश बुडवलेले. ब्रश पुसायला त्यांच्याकडे फडकं नसे. ते डाव्या गुडघ्यावर पुसत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पँटच्या डाव्या गुडघ्यावर डहाणूपासून वरोरपर्यंतच्या बोटींचे रंग एकावर एक चढलेले असत. एखादा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, रंग निवडताना अडला की काका पाय लांब करून म्हणत, "यातला सांग."

माणसाशी ओळख झाली की ते त्याचं नाव बोटाने मांडीवर लिहून बघत. माझं लिहून झाल्यावर म्हणाले, "तुमचं नाव लांब आहे, पत्रकार. बोटीवर बसणार नाही. पेपरातच बरं."

चार अक्षरांपेक्षा लांब नाव बोटीला ओढतं, असं त्यांचं मत होतं. फ्लेक्सच्या दुकानांवर त्यांचा राग नव्हता, पण दगडात कोरलेल्या अक्षरांवर होता. "पुसता येतं तेच लिहावं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "माणूस चुकतो. दगडाला खोडरबर नसतं."

त्यांची एक रीत इतर पेंटरांत मी पाहिली नाही. दोरीला नीळ लावून ते फळीवर सूत मारत आणि त्या खुणेखाली अक्षरं लिहीत. पण वरची रेघ ओढत नसत. नारळी पौर्णिमेनंतर नवी रंगवलेली बोट पहिल्या फेरीला जाई, ती उघड्या डोक्याच्या अक्षरांनीच. ती मासळी घेऊन परत आली, नांगर पडला, की काका गुडघाभर पाण्यात उतरत आणि एका दमात डावीकडून उजवीकडे रेघ ओढत. श्वास रोखलेला असे. रेघ संपली की तो मोठ्याने सोडत आणि म्हणत, "पोचली."

मी त्यांना कारण विचारलं होतं. "गेलेल्याचं नाव पुरं लिहू नये," म्हणाले. "तो पुरं करायला येतो."

या रीतीमागे कसला शास्त्राधार नव्हता. त्यांचे वडीलही असंच करायचे, एवढंच ते सांगत. पण बंदरावर ती सगळ्यांना मान्य होती. रेघ नसलेली बोट दिसली की तिची अजून पहिली फेरी व्हायची आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगे.

चौकाचं भांडण पालघर जिल्हा नवा झाला तेव्हाचं. नवा जिल्हा, म्हणून चौकांना नावं आणि पुतळे हवेत, अशी हवा होती. सिमेंटचा चौथरा आधी उभा राहिला. त्यावर कोण, हे नंतर ठरायचं होतं. किनाऱ्यावरच्या लोकांना हातात वल्हं धरलेला तांडेल हवा होता. सरावलीच्या बाजूची आणि तलासरीच्या पाड्यांवरची शेतीवाली मंडळी म्हणाली, बाजारात भाजी, भात, गवत आम्ही आणतो, चौक बाजाराचा आहे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई बसवा. दोन्ही बाजूंच्या समित्या झाल्या. निवेदनं झाली. सभा उधळल्या. एकदा खुर्च्या फुटल्या आणि एका माणसाच्या कपाळाला टाके पडले.

या सगळ्यात चौथऱ्यावर लिहायचं काम दामूकाकांकडे होतं, कारण दोन्ही बाजूंना तोच पेंटर माहीत होता. सोमवारी किनाऱ्याचे लोक येऊन 'नियोजित तांडेल पुतळा' लिहून घेत. गुरुवारी दुसरे येऊन चुना मारायला लावत आणि 'नियोजित शेतकरी पुतळा' लिहून घेत. काका दोन्ही सारख्याच वळणदार अक्षरांत लिहीत. रेघ कशावरच ओढत नसत.

"दामू, तू कोळ्यातला. तुला लाज नाही वाटत?" असं एकाने भर बाजारात विचारलं.

"अरे, पुतळा उभा राहायच्या आधीच त्याच्या सात अंघोळी झाल्या," काका म्हणाले. "एवढा स्वच्छ पुतळा सगळ्या जिल्ह्यात मिळणार नाही."

लोक हसले. त्या काळात ते पुष्कळ हसवत. मी हे लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांना भेटलेल्या लोकांना ते खरं वाटत नाही.

त्यांना एकच मुलगा, महेश. ब्रश त्याच्या हातात कधी बसला नाही. तो गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जाई. इथली बरीच मुलं जातात. किनाऱ्याची जातात आणि तलासरीच्या पाड्यांवरची, ज्यांनी लहानपणी समुद्र पाहिलेलाही नसतो, तीही जातात. हंगामभर तिकडेच राहायचं आणि पावसाआधी परतायचं. २०१५च्या सुरुवातीला त्याने तिकडच्या बंदरातून फोन केला. तो फोन काकांनी मला निदान दहा वेळा शब्दशः सांगितला.

"बाबा, आमच्या बोटीचं नाव बघवत नाही. अक्षरं मेल्या बांगड्यासारखी तिरकी पडलीत."

"मग पुसून लिही."

"मला कुठं येतं? तुम्ही या एकदा, नीट करून द्या."

"आणि रेघ?"

"रेघ आहे ना. आधीच मारून ठेवलीय त्यांनी."

काका त्याला म्हणाले होते, हे लोक घाई करतात. त्यानंतर आईने फोन घेतला आणि नेहमीचं बोलणं झालं.

ती बोट परत आली नाही. वादळ झालं होतं, हे नक्की. बोट बुडाली की देशाच्या सागरी हद्दीपलीकडे वाहत जाऊन पकडली गेली, हे नक्की नव्हतं. एकही फळी किंवा माणूस सापडला नाही. बोटीवर आपल्या दोन तालुक्यांतले सात जण होते. चार किनाऱ्याचे, तीन तलासरीचे. पलीकडच्या तुरुंगात वर्ष, दोन वर्षं काढून परत आलेली माणसं या किनाऱ्यावर आहेत. त्यामुळे वाट बघणं हा वेडेपणा नव्हता. पहिलं वर्षभर सातही घरांनी वाट पाहिली.

दुसऱ्या वर्षी एकेक घर थांबलं. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी दर्भाची आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. किनाऱ्यावरच्या तीन घरांनी तसं केलं. तलासरीच्या तिघांनी आपापल्या रीतीने केलं. राहिले दामूकाका. भटजी घरी येऊन गेले, भाऊबंद येऊन गेले. काकांची बायको शेवंतीकाकू दाराशी बसून बोंबील निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. काका म्हणाले, "गवताला काय अग्नी द्यायचा? गवताने काय केलंय?"

चौकाचं भांडण या सात जणांनी मिटवलं. चार आमचे, तीन तुमचे, ही गोष्ट कोणाला नाकारता येईना. दोन्ही समित्या एकत्र बसल्या आणि ठरलं की खांद्यावर दोरखंड घेतलेला तरुण खलाशी उभा करायचा, आणि खाली चौथऱ्यावर सातही नावं लिहायची. तलासरीवाल्यांची अट एकच होती. नावं सातच्या सात. सहा असतील तर पुतळाही नको. त्यात आडमुठेपणा नव्हता. आमचे तिघे मेले आणि तुमच्यातला एक जिवंत, असं चौकात कायमचं लिहिलेलं त्यांना नको होतं.

काका नाही म्हणाले. समितीने समजावलं, सरपंचांनी समजावलं. ते प्रत्येकाला चहा पाजत आणि नाही म्हणत.

मग तलासरीहून जान्या आला. त्याचा दिनेश त्याच बोटीवर होता. जान्या दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणारा, काकांच्याच वयाचा. सात घरांची माणसं कचेऱ्यांच्या खेपा एकत्र घालत, तेव्हापासून या दोघांची सोबत होती. मी त्या दिवशी तिथे बसलो होतो. जान्या काकांच्या गुडघ्यावरचे रंग बघत राहिला.

"दामूभाऊ," तो म्हणाला, "माझ्या पोराचं नाव कुठंच नाही."

"हं."

"रेशनकार्डावरून पण काढलं. फोटो नाही. जाळायला हाड नाही. शाळेत होता चार वर्षं, ती शाळा पण पडली. मला वाचता येत नाही, तरी तुम्ही लिहाल ते दाखवा. कितवं आहे ते सांगा. मी तिथं हात लावीन."

काकांनी त्याच्या पुढ्यातला थंड झालेला चहा उचलून आत दिला आणि दुसरा मागवला.

"तिसरं लिहीन," ते म्हणाले. "वरून तिसरं."

पुतळा २०१६ साली आला. तो कुठे तोंड करून उभा करायचा यावर पुन्हा आवाज चढले. किनारा म्हणे समुद्राकडे, बाकीचे म्हणत बाजाराकडे. कोणीतरी कोपऱ्यात चौथऱ्याला निळा रंग देत बसलेल्या काकांना विचारलं.

"पाठ करा समुद्राकडे," ब्रश न थांबवता ते म्हणाले. "घरी येणाऱ्या माणसाची पाठच असते समुद्राकडे."

पुतळा तसाच बसवला.

निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांनी सात नावं लिहिली. ज्या सहा घरांनी वाट बघणं सोडलं होतं, त्यांच्या नावांवर रेघ ओढली. प्रत्येक रेघेनंतर श्वास सोडला, पण 'पोचला' म्हणाले नाहीत. सातवं नाव महेशचं. ते तसंच उघड्या डोक्याने राहिलं. समितीच्या एका उत्साही सभासदाला दोन दिवसांनी ते दिसलं. "दामू, एक रेघ राहिली रे."

"राहू दे," काका म्हणाले. "आला की ओढतो."

त्या सभासदाला बाजूच्याने कोपर मारलं. जान्या दर बाजारच्या दिवशी येई, वरून तिसऱ्या नावावर तळहात ठेवून जरा वेळ उभा राही आणि मग बाजार करी. अक्षरं उन्हाने उडत. काका वर्षातून दोनदा ती पुन्हा गिरवत. सहा पुरी, एक अर्धं.

२०१८मध्ये पलीकडून सुटणाऱ्या खलाशांची एक यादी आली. ती माझ्या हातात पडली. नावं आणि बापाची नावं एवढंच होतं, आडनावं नव्हती, गावाच्या रकान्यात फक्त 'महाराष्ट्र'. तिच्यात 'महेश दामोदर' असं एक नाव होतं. ती यादी दामूकाकांकडे मी नेली. खात्री नाही, असं मी दोनदा म्हणालो. ते खरं असलं तरी त्याने काही फरक पडत नाही, हे तेव्हाही मला माहीत होतं.

त्यांनी यादीवर बोट ठेवून ते नाव मांडीवर लिहिलं. मग टर्पेंटाइनची बाटली घेऊन चौकात गेले आणि सातवं नाव पुसलं. लोक जमले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या घरी अग्नी देऊन झाला होता, त्यांच्यातलं एकजण लांबूनच परत फिरलं. जान्याला निरोप गेला तेव्हा मला वाटलं, तो येणार नाही. तो दुसऱ्या दिवशी आला. धुतलेला सदरा घालून आला.

"एक तरी आला," म्हणाला. "मी पण येतो स्टेशनावर. त्याला दिनेशचं विचारतो."

सुटलेल्यांपैकी महाराष्ट्रातले काही वापीला उतरणार होते. सकाळी आम्ही चौघे तिथे पोचलो. काका, काकू, जान्या आणि मी. काकूंनी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. काकांची पँट नवी होती, गुडघ्यावर डाग नव्हता. ते मला सारखं सांगत होते, "गाडी आली की तुम्ही पुढे होऊ नका हां, पत्रकार. आधी त्याच्या आईला होऊ द्या."

फलाटावरच्या बाकावर एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. धाकटीच्या हातात झेंडूचा हार होता. काका बोलक्या स्वभावाचे. ते तिच्याशी बोलायला गेले.

"कुणाची वाट बघतेस, बाय?"

"यांच्या बाबांची. आज सुटून येतायत."

"अरे वा. आमचा पण येतोय. नाव काय त्यांचं?"

"महेश."

"आमचा पण महेश," काका हसले. मग थांबले. "सासऱ्यांचं नाव काय गो तुझ्या?"

"दामोदर."

गाडीला वीस मिनिटं होती. काका परत येऊन आमच्याजवळ बसले. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डबा मांडीवरून बाजूला ठेवला, पुन्हा मांडीवर घेतला. मी म्हणालो, दोघंही असू शकतात, एकाच नावाचे दोन. यादीत ते नाव एकदाच होतं.

"निघायचं का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "विचारायला पाहिजे. जान्याला विचारायचंय."

गाडी आली. चाळिशीचा, दाढी वाढलेला एक माणूस उतरला. मोठी मुलगी त्याला ओळखत होती, धाकटी नाही. हार घालणं, रडणं झालं. आम्ही लांब उभे होतो. ते सगळं ओसरल्यावर शेवंतीकाकू पुढे झाल्या आणि त्या परक्या महेशसमोर डबा उघडला.

"जेवलास का रे?"

तो बाकावर बसून जेवला. खाताना काकांनी विचारलं तेवढी उत्तरं दिली. तो बरीच वर्षं आत होता. आपल्या बाजूचे सगळे एकाच बराकीत असत. नवा कोणी आला की पहिलं गाव विचारत. काकांच्या महेशच्या बोटीचं कोणी आलं नाही. त्या बोटीचं नावही त्याने ऐकलं नव्हतं.

"तलासरीचा दिनेश?" जान्याने विचारलं.

त्या माणसाने नकारार्थी मान हलवली. मग भाकरी खाली ठेवली. त्याला वाटलं असावं, आपण कोणाच्या तरी डब्यातलं खातोय.

"खा रे," काकू म्हणाल्या. "संपव. परत काय न्यायचंय."

दोन दिवसांनी काकांनी चौथऱ्यावर सातवं नाव पुन्हा लिहिलं. तेही बिनरेघेचं. दोन अक्षरं मागेपुढे पडली. "मेल्या बांगड्यासारखी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुसून पुन्हा लिहिली.

२०१९मध्ये चौकाचं सुशोभीकरण निघालं. चौथऱ्याला काळा ग्रॅनाइट बसला. नावांची पाटी यंत्रावर कोरून आली, सोनेरी रंग भरून. यंत्राला कोणाची रीत माहीत नव्हती. सातही नावं पुरी होती, सातांवर रेघ.

मला फोन आला तेव्हा मी निघालो. काका आधीच पोचले होते. एका हातात काळ्या रंगाचा लहान डबा, दुसऱ्या हातात बारीक ब्रश. सातव्या नावावरची रेघ बुजवून टाकायची, एवढंच त्यांना करायचं होतं. पण तो बाजारचा दिवस होता आणि जान्या तिथे होता. त्याचा तळहात वरून तिसऱ्या नावावर होता. दगडातली अक्षरं तो पहिल्यांदाच बोटाने चाचपत होता. रंगाच्या अक्षरांना चाचपण्यासारखं काही नसतं. तो एकेका खाचेतून बोट फिरवत वरपर्यंत गेला आणि रेघेवरून डावीकडून उजवीकडे आला.

"दामूभाऊ," तो मागे वळून म्हणाला, "हे आता उडणार नाही ना? पावसाने, उन्हाने?"

काका डब्याचं झाकण उघडून उभे होते.

"नाही उडणार," ते म्हणाले.

"तुम्ही रंग आणलाय?"

"दुसऱ्या कामाचा आहे."

त्यांनी झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, तेव्हा खाली वाकून चौथऱ्याच्या कडेवर ठेवून अंगठ्याने दाबलं. मग सातव्या नावाकडे वळले. "माझ्या हातानं झालं नसतं," एवढंच म्हणाले. त्या महिन्यात त्यांच्या घरी भटजी आले. मी गेलो नाही. कोणाला बोलावलं नव्हतं.

माझी बदली त्याच वर्षी झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी धाकटी डहाणूला गेलो. श्रावण होता, बोटी रंगायला लागल्या होत्या. एक नवी बोट ओंडक्यांवर उभी होती आणि तिचा मालक जरा गोंधळून बाजूला उभा होता. काका तिच्या नाकाजवळ स्टुलावर बसले होते. पँटच्या गुडघ्यावर ताजा पांढरा रंग.

फळीवर एक लांब, सरळ, पांढरी रेघ होती. तिच्याखाली काही नव्हतं.

"काका, रेघ आधी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती वाळली का, ते करंगळीने बघत होते.

"आता आधी परत आणतो," ते म्हणाले. "मग पाठवतो."

ब्रश रंगात बुडवला, गुडघ्यावर पुसला, आणि रेघेखाली पहिलं अक्षर लिहायला घेतलं.